अ‍ॅम्प्लिफायरच्या उष्णतेचा हिशेब खरेदीआधी मांडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उंची अ‍ॅम्प्लिफायर विकताना दोन सल्ले हमखास दिले जातात. ‘गरम होणारच, क्लास ए आहे’ हा एक आणि ‘रात्रंदिवस चालूच ठेवा, आवाज खुलतो’ हा दुसरा. पहिला खरा आहे, पण अर्धवट सांगितलेला. दुसरा आपल्याकडच्या हवेत यंत्राचे आयुष्य कमी करतो आणि वीजबिल वाढवतो. हे यंत्र नुसते बसून किती वीज घेते, ती उष्णता जाते कुठे आणि ते घरात ठेवायचे कुठे, हे लाख-दोन लाख रुपये मोजणाऱ्या माणसाला कुणी नीट सांगत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तर मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये सगळी यंत्रे बंद टीव्ही युनिटमध्ये बसवलेली असतात. अशा घरांसाठी हा तपशील एकदा छापून यावा, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

क्लास ए प्रकारात आउटपुट ट्रान्झिस्टरमधून कायम मोठा प्रवाह वाहता ठेवलेला असतो, गाणे लागलेले असो वा नसो. ट्रान्झिस्टर कधीच पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे सिग्नल शून्यावरून जाताना आवाजात येणारी बारीक विकृती टळते. या अ‍ॅम्पची गोडी तिथून येते आणि उष्णताही तिथूनच येते. पास लॅब्जच्या एक्सए२५ या अ‍ॅम्पचे उदाहरण घ्या. दर चॅनेलला २५ वॅट देणारे हे यंत्र भिंतीतल्या सॉकेटमधून २४० वॅट घेते. १९७७ च्या मार्क लेव्हिन्सन एमएल-२ मध्ये एका डब्याला एकच चॅनेल, तोही २५ वॅटचा, आणि खप डब्यामागे सुमारे ४०० वॅट. स्टिरिओला असे दोन डबे लागतात. जॉन लिन्सली हूड यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला १० वॅटचा आराखडा हौशी मंडळी आजही घरी बांधतात. त्यात ८ ओहमच्या स्पीकरसाठी २७ व्होल्टवर १.२ अँपिअर प्रवाह ठेवावा लागतो, म्हणजे चॅनेलमागे ३२ वॅट अखंड.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘मी आवाज कमी ठेवतो, म्हणजे वीजही कमी जात असेल’ असे लोक धरून चालतात. क्लास ए मध्ये तसे होत नाही. सॉकेटमधून जवळजवळ तेवढीच वीज येते. आवाज मोठा असेल तर तिच्यातला थोडा भाग स्पीकरकडे जातो, शांतता असेल तर सगळीच्या सगळी हीटसिंकवर, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांवर, उतरते. म्हणजे ही यंत्रे सर्वांत जास्त तापतात ती गाणे थांबवून आपण जेवायला उठतो तेव्हा. घरात ऐकताना सरासरी एक वॅटही स्पीकरला जात नाही. एक्सए२५ चे बाकीचे २३९ वॅट खोलीत.

क्लास एबी मध्ये शांततेत थोडाच प्रवाह वाहता ठेवतात, त्यामुळे गणित वेगळे आहे. चांगल्या प्रतीचा १०० वॅटचा स्टिरिओ अ‍ॅम्प नुसता चालू असताना साधारण ४० ते ६० वॅट घेतो आणि आवाजाबरोबर खप वाढतो. मात्र त्याच्या ट्रान्झिस्टरवर सर्वांत जास्त उष्णता पूर्ण आवाजाला नसते, ती कमाल शक्तीच्या सुमारे ४० टक्क्यांवर असते. १०० वॅटच्या आदर्श अ‍ॅम्पमध्ये ४० वॅट बाहेर जाताना तितकेच ४० वॅट ट्रान्झिस्टर जाळतात. अमेरिकेत १९७४ मध्ये वॅटच्या जाहिरातींवर नियम आला, त्यात मोजणीआधी अ‍ॅम्प एक तास एक तृतीयांश शक्तीवर चालवायची अट होती, ती यासाठीच. त्या अटीमुळे कंपन्यांना हीटसिंक मोठे करावे लागले. ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणारा क्लास डी अ‍ॅम्प नुसता बसला असता साधारण १० ते २० वॅटमध्ये भागते आणि पूर्ण शक्तीला त्याची कार्यक्षमता ८५-९० टक्क्यांपर्यंत जाते. क्लास ए च्या चाहत्यांनी नाक मुरडण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. छोट्या, एसी नसलेल्या खोलीत चांगला क्लास डी अ‍ॅम्प हा शहाणपणाचा पर्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याच्या पोटात स्विचिंग सप्लाय (वेगाने चालू-बंद होणारा वीजपुरवठा) असतो, छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) दाटीवाटीने बसवलेले असतात. थंड राहतो म्हणून तो ड्रॉवरमध्ये कोंडायचा नाही, आणि पावसाळ्यात विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायचा.

आपल्याकडचे यंत्र नेमके किती घेते हे घरबसल्या मोजता येते. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर ऑनलाइन हजार-दीड हजारांत मिळतो. तोही नको असेल तर जिन्याखालचा वीजमीटर पुरतो. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकाट ते छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. फ्रिजसकट घरातले सगळे बंद करा, फक्त अ‍ॅम्प चालू ठेवा, अर्ध्या तासाने तो पुरेसा तापला की एका मिनिटातले लुकलुकाट मोजा. १३ आले तर १३ गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे ०.२४४ किलोवॅट, म्हणजे २४४ वॅट. क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून २३० ने गुणू नका. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर असलेल्या सप्लायचा पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट आणि व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार यांचे गुणोत्तर, ०.६ ते ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे तो आकडा दीडपट फुगून येतो.

आता बिल. २४० वॅटचा अ‍ॅम्प रोज चार तास चालला तर महिन्याला २९ युनिट. रात्रंदिवस चालला तर १७३. वरच्या टप्प्यातला दर हिशेबासाठी १० रुपये धरला तर २९० रुपये आणि १,७३० रुपये. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. ज्या घराचा खप २५० युनिट आहे ते घर रात्रंदिवस चालणाऱ्या या एका यंत्रामुळे ४२० च्या पुढे जाते आणि ३०० वरची सव्वाशेच्या आसपास युनिटे महाग दराने पडतात. खोलीत एसी असेल तर तोच २४० वॅटचा ताप बाहेर काढायला एसी आणखी ७० वॅट घेतो. एमएल-२ सारख्या जोडीचे ८०० वॅट म्हणजे जवळजवळ पाव टन. एक टनाचा एसी बसवलेल्या खोलीत ती जोडी ठेवली तर दुपारी एसी पुरा पडणार नाही.

बिल एकवेळ परवडेल. खरे नुकसान कपॅसिटरचे होते. सप्लायमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये ओलसर रसायन असते, ते उष्णतेने हळूहळू सुकते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते. ‘८५ अंश, २००० तास’ असे छापलेला कपॅसिटर ६५ अंशांत राहिला तर ८,००० तास, ५५ अंशांत राहिला तर १६,००० तास. हे तास दिवसांत मोजून पाहा. ६५ अंशांत रोज चार तास चालणारे यंत्र साडेपाच वर्षे काढते. तेच यंत्र चोवीस तास चालू ठेवले तर अकरा महिने. कपॅसिटर ‘१०५ अंश, २००० तास’ चा असेल तर त्याच ६५ अंशांत ३२,००० तास मिळतात. म्हणून दुरुस्तीत कपॅसिटर बदलायची वेळ आली तर १०५ अंशांचेच घाला. व्होल्टेज मूळ इतकेच किंवा एक पायरी वर ठेवा, मायक्रोफॅरड मूळ इतकेच. मायक्रोफॅरड दुप्पट केले की चालू करतानाचा झटका वाढतो आणि उलटसुलट प्रवाह एकाच दिशेचा करणारा ब्रिज रेक्टिफायर त्यात जातो. कपॅसिटर सुकल्याची लक्षणे ठरलेली आहेत: स्पीकरमधून १०० हर्ट्झची घुंई, खर्जात ताकद नसणे, कपॅसिटरचे डोके फुगणे, बुडाशी तपकिरी चिकट डाग.

मग ‘तापल्यावर आवाज खुलतो’ हे खोटे का? नाही. बायसचा, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून कायम वाहता ठेवलेला, प्रवाह तापमानाबरोबर बदलतो आणि हीटसिंक स्थिर तापमानाला येईपर्यंत यंत्र नेमलेल्या बिंदूवर नसते. पण त्याला अर्धा ते एक तास पुरतो. ऐकायला बसण्याआधी चहा टाकतानाच अ‍ॅम्प चालू करा आणि ऐकून झाले की बंद करा. प्रीअ‍ॅम्प (पॉवर अ‍ॅम्पच्या आधी आवाज कमी-जास्त करणारा), डॅक (डिजिटल संगीताचा विद्युत सिग्नल करणारा) अशी २०-३० वॅटची यंत्रे चालू राहिली तरी फारसे बिघडत नाही. क्लास ए पॉवर अ‍ॅम्प मात्र रात्रभर चालू ठेवण्याचे समर्थन कुठल्याच हिशेबात बसत नाही. चालू करताना पॉवर अ‍ॅम्प सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, नाहीतर प्रीअ‍ॅम्पचा धपका थेट वूफरवर जातो.

हीटसिंकचे गणित थोडक्यात देतो, कारण जागा निवडताना तेच कामाला येते. समजा २५ वॅटच्या एका क्लास ए अ‍ॅम्पमध्ये रेल, म्हणजे आतला पुरवठा, प्लस-मायनस २५ व्होल्ट आणि बायस १.३ अँपिअर आहे. चॅनेलमागे ६५ वॅट झाले. हीटसिंकचा आकडा ०.४ अंश प्रति वॅट असेल तर तो सभोवतालच्या हवेपेक्षा २६ अंश वर जाईल. दोन मॉस्फेट (एका प्रकारचे ट्रान्झिस्टर) हा भार वाटून घेतात, एकेकाला साडेबत्तीस वॅट. आयआरएफपी२४० सारख्या मॉस्फेटमध्ये आतल्या चिपपासून बाहेरच्या आवरणापर्यंत ०.८३ अंश प्रति वॅट आणि मधल्या विद्युतरोधक माइकाच्या चकतीला साधारण ०.५ धरले तर चिप हीटसिंकपेक्षा आणखी ४३ अंश वर. पुण्यात २८ अंशांच्या खोलीत हीटसिंक ५४ आणि चिप ९७. नागपुरात ४२ अंशांच्या खोलीत ६८ आणि १११. बंद कपाटात आतली हवा ५५ ला गेली की ८१ आणि १२४. मॉस्फेटची मर्यादा १५० असल्याने तो तग धरतो. पण ८१ अंशांच्या हीटसिंकशेजारी बसलेले कपॅसिटर, रिले आणि सोल्डरचे सांधे तग धरत नाहीत. हाताची जुनी चाचणी अजूनही भरवशाची आहे: हीटसिंकवर तळवा पाच सेकंद टिकला तर तापमान ५०-५५ च्या आसपास, ठीक. लगेच हात काढावासा वाटला तर खोलीच फार तापली आहे, हवा अडते आहे किंवा बायस जास्त आहे.

म्हणून जागा. हीटसिंकच्या पात्या उभ्याच हव्यात. अ‍ॅम्प आडवा-तिडवा ठेवून पात्या आडव्या झाल्या की गरम हवेला वर चढायला वाटच राहत नाही. वर किमान १५ सेंटिमीटर, बाजूंना १० सेंटिमीटर मोकळे सोडा आणि खालूनही हवा शिरली पाहिजे, गालिच्यावर ठेवू नका. कडाप्प्याची फरशी आणि त्यावर दोन-तीन सेंटिमीटर उंचीचे पाय ही सोपी, स्वस्त आणि उत्तम बैठक आहे. लॅमिनेट चिकटवलेल्या प्लायवर कायम ६० अंशांची वस्तू ठेवली तर काही महिन्यांत लॅमिनेट फुगून वर येते. अ‍ॅम्पवर अ‍ॅम्प नाही, अ‍ॅम्पवर सीडी प्लेअर नाही, भरतकामाचा रुमाल तर मुळीच नाही. म्युझिकल फिडेलिटीच्या ए१ सारख्या यंत्रात वरचे झाकणच हीटसिंक आहे. त्यावर काहीही ठेवणे म्हणजे नाक दाबण्यासारखे.

टीव्ही युनिटशिवाय पर्यायच नसेल तर सुताराला आधीच सांगून हवेची वाट करून घ्यावी. २५० वॅट बाहेर काढायचे आणि आतली हवा खोलीपेक्षा ८ अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर तासाला सुमारे ९३ घनमीटर हवा खेळती हवी. पंख्यांच्या भाषेत ५५ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ५५ घनफूट. संगणकाचा १२० मिलिमीटरचा पंखा उघड्यावर तेवढी हवा देतो, कपाटात बसवल्यावर निम्मीच. म्हणून असे तीन पंखे मागच्या बाजूला वरती, हवा बाहेर फेकतील असे बसवा आणि १२ ऐवजी ८-९ व्होल्टवर चालवा, म्हणजे घरघर ऐकू येत नाही. आत येणाऱ्या हवेसाठी खाली पुढे किमान २५० चौरस सेंटिमीटरची फट ठेवा. नुसते पंखे लावून खालची वाट बंद ठेवली तर पंखे फिरतात आणि हवा जागची हलत नाही. सुतारकामात ही चूक सर्रास होते. पंख्यांना हीटसिंकवर ४५ अंशांचा थर्मल स्विच लावला की अ‍ॅम्प तापल्यावर ते आपोआप सुरू होतात.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे पाल. ऊब शोधत ती व्हेंटमधून आत शिरते आणि सप्लायच्या दोन टर्मिनलांमध्ये सापडते. पाल जाते आणि आउटपुट ट्रान्झिस्टरही जातात. व्हेंटला आतून ३ मिलिमीटर छिद्रांची अ‍ॅल्युमिनियमची जाळी लावा. डासांची जाळी लावू नका, ती हवा अडवते आणि महिन्याभरात धुळीने बंद होते. धूळ सहा महिन्यांनी ब्रश आणि ब्लोअरने काढावी, प्लग काढून, अर्धा तास थांबून. कोकणपट्टीत खारी दमट हवा असते, तिथे पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा दोन तास चालवलेले बरे. तेवढ्याने आतली ओल निघून जाते.

आता वीजपुरवठा. बहुतेक क्लास ए अ‍ॅम्पमध्ये रेल नियंत्रित नसतात, म्हणजे भिंतीत २३० ऐवजी २५० व्होल्ट आले की रेलही त्या प्रमाणात चढतात आणि उष्णता जवळजवळ ९ टक्के वाढते. रात्री उशिरा, भार कमी असताना, हे नेमके घडते. जपानहून आणलेल्या १०० व्होल्टच्या यंत्रांची गत याहून वाईट. बाजारात मिळणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर २३० ला ११० देतो. भिंतीत २५० असेल तर तो १२० देईल, म्हणजे यंत्राला २० टक्के जास्त. ५५ व्होल्टचे रेल ६६ वर जातात आणि तिथे कपॅसिटर असतात ६३ व्होल्टचे. अशा यंत्राला २३० ला १०० देणारा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम गुंडाळून घ्यावा आणि क्षमता खपाच्या तिप्पट ठेवावी. २४० वॅटच्या यंत्राला ७५० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) हवाच, कारण पॉवर फॅक्टरमुळे प्रत्यक्ष भार ३७० व्हीएच्या आसपास असतो. अमेरिकेतून आणलेल्या यंत्राच्या पाटीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिले असेल तर व्होल्टेज बरोबर देऊनही ट्रान्सफॉर्मर गुणगुणेल आणि तापेल. आपल्याकडे ५० हर्ट्झ असल्याने त्याच्या गाभ्यावर २० टक्के जास्त चुंबकीय भार पडतो. जपानी यंत्रांवर बहुधा ५०/६० लिहिलेले असते, कारण त्या देशात दोन्ही वारंवारिता चालतात. मुलगा-मुलगी अमेरिकेतून येताना आणतील म्हणून मागवण्याआधी मागची पाटी फोटोत बघून घ्या.

चालू करताक्षणी एमसीबी (जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) पडतो ही तक्रारही नेहमीची. मोठा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कपॅसिटर मिळून क्षणभर ५०-६० अँपिअर ओढू शकतात. ६ अँपिअरचा बी प्रकारचा एमसीबी १८ ते ३० अँपिअरला लगेच पडतो, सी प्रकारचा ३० ते ६० ला. सी प्रकार बसवा, आणि तोही पडत असेल तर अ‍ॅम्पमध्ये सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे सुरुवातीचा झटका अडवणारी सोय, करून घ्या. इलेक्ट्रिशियन ३२ अँपिअरचा एमसीबी सुचवेल, त्याला नकार द्या. भिंतीतली १.५ चौरस मिलिमीटरची वायर तेवढ्यासाठी नसते, ती जळेल आणि एमसीबी बघत राहील. सॉफ्ट स्टार्टला १० ओहमचा एनटीसी थर्मिस्टर वापरतात. तो गार असताना प्रवाह अडवतो आणि तापला की मोकळा सोडतो. वीज जाऊन दोन सेकंदांत परत आली तर तो अजून तापलेलाच असतो, अडवत नाही, आणि फ्यूज जातो. वीज गेली की अ‍ॅम्पचा स्विच लगेच बंद करा आणि परत आल्यावर दोन मिनिटे थांबा. फ्रिजसाठी मिळणारा तीन मिनिटे उशिरा चालू होणारा स्टॅबिलायझर हेच काम आपोआप करतो, फक्त त्याची क्षमता तपासून घ्या. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा, स्लो-ब्लो प्रकारचाच फ्यूज घाला. साधा घातला तर पुन्हा पुन्हा उडेल आणि मग कुणीतरी तार गुंडाळेल.

इन्व्हर्टरवर क्लास ए चालवू नका. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीतून वापरण्याजोगे हजारभर वॅट-तास निघतात. इन्व्हर्टरची गळती धरून हा एक अ‍ॅम्प ते साडेतीन तासांत संपवतो, पंखे-दिवे बाजूलाच राहिले. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर ट्रान्सफॉर्मर तापतोही आणि ओरडतोही. आणि अर्थिंगबद्दल कळकळीने सांगतो: स्पीकरमधली गुणगुण घालवायला प्लगची अर्थची पिन कापू नका, अर्थची वायर सोडवू नका. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले तर धातूचा डबा २३० व्होल्टवर येतो आणि त्याला पहिला हात बहुधा लहान मुलाचा लागतो. सगळी यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, केबल टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सची जोडणी काढून पाहा. बहुतेक वेळा गुणगुण तिथूनच येते.

बायस तपासणे ही मीटर वापरता येणाऱ्याला जमण्यासारखी गोष्ट आहे, पण झाकण बंद ठेवून एक तास तापवल्यावरच. क्लास एबी मध्ये आउटपुट ट्रान्झिस्टरला जोडलेल्या ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर २२ मिलिव्होल्ट आले तर १०० मिलिअँपिअर. वाचन सतत चढत राहिले आणि थांबेना, तर लगेच बंद करा. बायसचा सेन्सर ट्रान्झिस्टर हीटसिंकपासून सुटला असेल किंवा त्याखालची पेस्ट सुकली असेल. ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते. सेन्सरला ते कळले नाही तर प्रवाह वाढतो, प्रवाहाने ताप वाढतो, तापाने पुन्हा प्रवाह, आणि काही मिनिटांत आउटपुट जळतात. १०-१५ वर्षे झालेल्या यंत्राची पेस्ट एकदा बदलून घ्यावी, अगदी पातळ थर, माइकाच्या दोन्ही बाजूंना. जाड थर दिला तर ताप पुढे जायला उलट अडथळाच होतो.

ट्रान्झिस्टरऐवजी काचेचे व्हॉल्व्ह असलेले अ‍ॅम्प वापरणाऱ्यांसाठी थोडेच. ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हची फिलामेंट एकटी साडेनऊ वॅट खाते. चार ईएल३४ असलेल्या अ‍ॅम्पमध्ये फिलामेंटचे ३८, प्लेटचे सुमारे ७०, शिवाय छोटे व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर धरून दीडशे वॅटच्या पुढे जाते. एका व्हॉल्व्हच्या प्लेटची मर्यादा २५ वॅट, तिच्या ७० टक्क्यांवर बायस ठेवावा, म्हणजे ४३० व्होल्टला ४० मिलिअँपिअर. पॉवर व्हॉल्व्हचे आयुष्य काही हजार तासांचेच असते आणि वर्षात तास आहेत ८,७६०. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प रात्रंदिवस चालू ठेवा असे सांगणाऱ्याकडून व्हॉल्व्ह विकत घेऊ नका. लहान मुले असतील तर पिंजरा काढू नका. झाकणाखाली ४०० व्होल्टच्या वर असते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकते. २.२ किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने ते उतरवायचे असते, स्क्रूड्रायव्हरने नाही, आणि मीटरवर शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही.

उष्णता कमी करायचा सर्वांत मोठा मार्ग अ‍ॅम्पमध्ये नसून स्पीकरमध्ये आहे, आणि खरेदीच्या वेळी तो कुणी सुचवत नाही. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीला तो किती मोठा आवाज देतो, ८६ ऐवजी ९२ डेसिबल असली तर तेवढ्याच आवाजाला एक चतुर्थांश शक्ती लागते. म्हणजे ९२ डेसिबलच्या स्पीकरवर २५ वॅट आणि ८६ च्या स्पीकरवर १०० वॅट सारखेच. मध्यम आकाराच्या हॉलमध्ये क्लास ए ऐकायचाच असेल तर आधी असा स्पीकर घ्या, त्याचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) ४ ओहमच्या खाली घसरत नाही हे बघा, आणि मग १० ते २५ वॅटचा अ‍ॅम्प निवडा. ८६ डेसिबलचे स्पीकर आधी घेऊन नंतर त्यांना पेलेल असा क्लास ए शोधत गेलात तर पाचशे वॅटच्या भट्टीशिवाय हाती काही लागत नाही.

एक मागणी उत्पादकांकडे आणि सरकारकडे. फ्रिज, एसी, टीव्हीवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे असतात, अ‍ॅम्प्लिफायरवर नाहीत. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सुरक्षेसाठीच्या २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशात अ‍ॅम्प्लिफायर आले ते २,००० वॅट आणि त्यावरील इनपुटचे. घरातले जवळजवळ सगळेच त्याखाली येतात. युरोपीय संघाने २०१३ पासून स्टँडबायला अर्ध्या वॅटची मर्यादा घातली आणि वापर नसताना यंत्र आपोआप स्टँडबायला जाण्याची सोय मागितली. नव्या अ‍ॅम्पमधला ऑटो स्टँडबाय त्यातून आला. तो आपल्याकडे दुकानात जोडणी करतानाच मेनूतून बंद केला जातो, तसे करू देऊ नका. तारे यायचे तेव्हा येवोत. खोक्यावर निदान चार आकडे मराठीत छापलेले हवेत: सिग्नल नसतानाचा खप, पूर्ण शक्तीचा खप, किती अंश तापमानाच्या खोलीपर्यंत यंत्र चालवावे, आणि चारही बाजूंना किती सेंटिमीटर मोकळे ठेवावे. हे आकडे कंपनीकडे असतातच, बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर. तोवर ग्राहकाने पैसे देण्याआधी दुकानदाराकडून पहिला आकडा बिलावर लिहून घ्यावा, आणि तो लिहून देत नसेल तर दुकानातच प्लगमध्ये वॉटमीटर लावून अर्धा तास यंत्र चालवून पाहावे.

आपला विश्वासू,
एक ध्वनितंत्रज्ञ वाचक, पुणे